जिल्हा कुणी घडवला?



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जडणघडणीवर बोलणार आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपण सगळेच जिल्हा शिकलो. तालुके नऊ, नद्या अमुक, पिके तमुक. पण हा जिल्हा केव्हा झाला, कुणी केला आणि कशासाठी केला, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. जिल्हा डोंगरासारखा आपोआप उगवलेला असावा, असेच आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे आहे की जिल्ह्याची रेषा वसुलीसाठी ओढली गेली. रेषेच्या आत जे उभे राहिले ते पोटासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांनी आणि मागे राहिलेल्या बायकांनी उभे केले. आणि निर्णय मात्र या दोघांच्याही हाती कधी आले नाहीत. आजचा सगळा वेळ मी याच म्हणण्यासाठी खर्च करणार आहे.

रेषा येण्यापूर्वी हा मुलूख कसा होता? हा खाड्यांचा मुलूख होता. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बंदर, पोटात भातशेतीची गावे आणि डोक्यावर देशावर चढणारा घाट. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, वर चिपळूण आणि पुढे कुंभार्ली. शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि आत संगमेश्वर. काजळीच्या मुखाशी भाट्ये, वर आंबा घाट. अर्जुनेच्या काठी राजापूर, वर अणुस्कुरा. माल खालून वर आणि वरून खाली जायचा, एका खाडीतून दुसरीत फारसा नाही. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले पश्चिम किनाऱ्यावरचे मातब्बर बंदर; १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या आल्मेदाने ते जाळले, इतके ते डोळ्यांत भरणारे होते. राजापूरला इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. या सगळ्या काळात रत्नागिरी हे किल्ल्याखालचे एक बंदर होते, त्याहून मोठे नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला आणि त्याचे ठाणे ठेवले बाणकोटला. बाणकोट हे सगळ्या मुलखाच्या उत्तर टोकाला. तिथून मालवणपर्यंतचा कारभार पाहायचा म्हणजे पावसाळ्याचे चार महिने कारभारच नाही. तरी बाणकोट निवडले, कारण तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेनंतर, १७५६ पासून, ते कंपनीच्या ताब्यात होते आणि साहेबाला ते ओळखीचे होते. १८२२ मध्ये ठाणे मध्यावर, म्हणून रत्नागिरीत आले. १८३० मध्ये बाणकोटच्या उत्तरेकडचे तीन विभाग काढून उत्तर कोकणाला जोडले आणि उरलेल्या रत्नागिरीचा दर्जा उतरवून सब-कलेक्टरेट केले. दोनच वर्षांत, १८३२ साली, पुन्हा जिल्हा. तेरा वर्षांत हे सगळे झाले आणि त्यात कुठल्याही गावाला कुणी काही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. भाताचा सारा गोळा करायला सोईचे काय, एवढाच प्रश्न होता.

मला इथे रत्नागिरीच्या शेजारी दुसरा एक मुलूख ठेवायचा आहे. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात ग्राउबुंडेन नावाचा कॅन्टन आहे. क्षेत्रफळ ७,१०५ चौरस किलोमीटर, आपले ८,२०८. डोंगरांनी चिरलेला मुलूख, दीडशेच्या आसपास दऱ्या, जर्मन, रोमान्श आणि इटालियन अशा तीन भाषा, आणि वस्ती सुमारे दोन लाख. आपण सोळा लाख. शेती तुटपुंजी, हिवाळा लांब, तरणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात. हे वर्णन ऐकून तुम्हाला आपल्या घरचेच वाटेल.

फरक जन्मात आहे. तिथल्या खोऱ्यांनी आधी तीन संघ केले आणि १५२४ मध्ये ते संघ करार करून एक झाले. मोठा प्रश्न आला की तो गावोगाव पाठवायचा, गावांनी सभा भरवून मत द्यायचे आणि मग ती मते मोजायची, असा त्यांचा रिवाज. १८०३ मध्ये, नेपोलियनच्या दडपणाखाली का होईना, हा मुलूख स्विस संघराज्यात कॅन्टन म्हणून दाखल झाला, तेव्हा तो स्वतःचा कारभार बरोबर घेऊन आला. आजही कॅन्टनला स्वतःची राज्यघटना, स्वतःची विधानसभा, स्वतःचे कर आणि स्वतःच्या शाळा आहेत.

मी तुमच्यापुढे स्वर्ग उभा करत नाही. याच स्वाभिमानी गावांनी वाल्तेल्लिना नावाची शेजारची दरी १७९७ पर्यंत प्रजा म्हणून दाबून ठेवली होती. तिथल्या लोकांना मत नव्हते. आणि या कॅन्टनमध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९७२ साली! आपल्या वाड्यांतल्या आज्यांनी १९५२ मध्ये मतदान केले होते, हे आपण अभिमानाने सांगायला हवे. पण निर्णय खालून वर जातो, ही त्यांची सवय मोलाची आहे, आणि तिचे मोल आपल्याला आपल्याच इतिहासातून जास्त कळते.

आता खोतीकडे येतो. खोत हा सरकार आणि गाव यांच्यामधला वसुलीचा माणूस; पुढे त्याचे वतन झाले आणि वतनाची सत्ता झाली. भातजमिनीवर अर्धा वाटा देणारे ते अर्धेली कूळ, वरकसावर तिसरा हिस्सा देणारे ते तिर्धेली. वाटा मोजून झाला की वेठ होतीच. देशावर रयतवारी आली, सरकार आणि शेतकरी समोरासमोर आले. इथे मध्ये खोत राहिला आणि १८८० च्या खोती कायद्याने त्याचे स्थान कागदावर पक्के झाले. जिल्ह्याला जी पहिली अंतर्गत रचना मिळाली ती ही. गावाचा मुख्य माणूस गावाने नेमलेला नव्हता.

या प्रश्नावर आपल्या थोर माणसांच्या भूमिका वेगवेगळ्या होत्या आणि त्या झाकून ठेवू नयेत. लोकमान्य टिळक रत्नागिरीतच जन्मले. त्यांचे घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे खोत, आणि 'केसरी'ने खोतांची बाजू मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगडमधले आंबडवे. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर ही मंडळी त्या लढ्यात होती आणि मोर्चात महारांच्या बरोबरीने कुणबी होते. माझ्या मते जिल्ह्याच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा दिवस आहे. वसुलीसाठी आखलेल्या मुलखातली माणसे त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या हक्कासाठी एकत्र उभी राहिली. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

१८८० या सालापाशी मला थोडे थांबू द्या. खोती कायदा त्याच वर्षीचा. 'गॅझेटियर'चा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड त्याच वर्षी छापला गेला. हिंदुस्थानात टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली तीही १८८० सालीच. एका बाजूला कुळाला जमिनीवरून सैल करणारी व्यवस्था घट्ट झाली आणि दुसऱ्या बाजूला परगावी गेलेल्या माणसाची कमाई घरपोच करणारी सोय आली. त्याआधीच ओघ सुरू झाला होता: १८७२ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे सुमारे ७१ हजार भरली. पुढे गिरण्या वाढल्या, गोदी वाढली, आणि गिरणगावातल्या खोल्यांमधून एकेका गावची माणसे एकत्र राहू लागली.

त्या खोल्यांतूनच जिल्ह्याची खरी उभारणी झाली, असे मला मनापासून वाटते. अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या नावाच्या पावतीपुस्तकांनी आपल्याकडे शाळा बांधल्या, विहिरी बांधल्या, साकव घातले, देवळांचे जीर्णोद्धार केले. दर माणशी वर्गणी ठरायची, हिशेब वहीत लिहिला जायचा, सार्वजनिक सभेत वाचला जायचा. ज्याने वर्गणी दिली नाही त्याचे नाव मोठ्याने वाचले जायचे. इतका काटेकोर जमाखर्च आपल्या कुठल्या सरकारी कचेरीनेही गावासमोर वाचून दाखवला नाही. कर बसवणे, खर्च ठरवणे आणि हिशेब देणे ही तीन कामे जिथे एकाच सभेत होतात, तिथे स्वराज्य असते. ते आपल्याकडे लालबाग-परळला होते. त्याला उणीव होती, ती जातीची. बहुतेक मंडळे वाडीची होती आणि वाडी म्हणजे जात. बौद्धवाडीचे मंडळ वेगळे, कुणबीवाडीचे वेगळे, आणि गावकीच्या बैठकीत सगळ्यांना सारखी जागा नव्हती. बायकांना तर कुठेच नव्हती.

आणि गाव तर बायकाच चालवत होत्या. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, नाचणीची भांगलण, गोठा, म्हातारी माणसे, मुलांची शाळा, आलेल्या मनिऑर्डरीवर अंगठा किंवा सही, त्यातून खोताचे आणि दुकानदाराचे देणे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,१२२. भाषणांत हे आकडे अभिमानाने सांगितले जातात. मला ते ऐकताना आनंद होत नाही. ते आकडे घरी नसलेल्या पुरुषांचे आहेत. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. राज्य वाढत होते आणि आपण ब्याऐंशी हजारांनी घटलो. पूर्वी पुरुष जात, आता घरेच जातात; दाराला कुलूप लागते आणि ते गणपतीला उघडते.

ग्राउबुंडेनची माणसेही अशीच गेली. तिथले लोक मिठाईवाले म्हणून व्हेनिसमध्ये इतके जमले की १७६६ मध्ये त्या शहराने त्यांना हाकलून दिले; मग ते बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग अशा शहरांत पांगले. परतलेल्यांनी दऱ्यांमध्ये वाडे बांधले. पण जाणे थांबले कशाने, हे पाहण्यासारखे आहे. आधी रेल्वे आली. १८८९ मध्ये दाव्होसच्या रेल्वेचा पहिला टप्पा झाला, त्यातून पुढे जी कंपनी झाली ती रेटियन रेल्वे, आणि तिची निम्म्याहून अधिक मालकी आज कॅन्टनकडे आहे. मग पाहुणे आले. आणि तिसरे, वीज. त्या तिसऱ्या गोष्टीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती आपल्याकडेही आहे.

रेल्वे आपल्याला मिळाली १९९८ मध्ये. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन यांचे ऋण कोकण विसरणार नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आपल्याच तालुक्यात आहेत. गाडीने मुंबई जवळ आली. मात्र गाडी आली म्हणून तरुण थांबला नाही, त्याला जाणे सोपे झाले. त्याआधी १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कातळावर सुरुंग लावून, माती भरून, हापूस उभा राहिला. हे काम आपल्या शेतकऱ्याच्या जिद्दीचे आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा त्यात वाटा आहे. पण आज त्या बागांची राखण करायला नेपाळहून माणसे येतात. ती कष्टाळू माणसे आपलेपणाने वागवली पाहिजेत. आणि आपली पोरे त्याच वेळी नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये का लटकलेली असतात, हेही विचारले पाहिजे.

आता वीज. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येते ते चिपळूण तालुक्यात. पोफळीला भूगर्भात वीजघर, अलोऱ्याला पुढचा टप्पा, १९९९ आणि २०१२ मध्ये धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून केलेले लेक टॅपिंग. सगळे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातले धरणाच्या पायथ्याचे चाळीस मेगावॉट सोडले तर बाकी सगळी वीज पाणी आपल्या बाजूला पडते म्हणून तयार होते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेले पाणी ६७.५ टीएमसी. वीज करून झाल्यावर हे अवजल वाशिष्ठीत सोडले जाते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्याच खेड-चिपळूणच्या धनगरवाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हे पाणी मुंबईला न्यावे काय, यावर अनेक वर्षे चर्चा होते. ज्या काठाने ते वाहते त्या गावांना काय हवे, हे त्या चर्चेत सर्वांत शेवटी येते.

ग्राउबुंडेनमध्ये नदीच्या पाण्यावरचा हक्क मुळात गावांचा. वीज कंपनीला पाणी हवे तर तिने गावाकडून परवाना घ्यायचा. १९१६ च्या संघराज्याच्या कायद्याने याला चौकट दिली: परवाना जास्तीत जास्त ऐंशी वर्षांचा, आणि दर वर्षी पाण्याचे भाडे. आज त्या भाड्याची मर्यादा ढोबळ क्षमतेच्या प्रत्येक किलोवॉटमागे ११० फ्रँक आहे. परवाना संपला की धरण, बोगदे, यंत्रे यांचा पाण्यात येणारा भाग परवाना देणाऱ्यांकडे विनामूल्य परत येऊ शकतो. हे भाडे गाव आणि कॅन्टन यांच्या तिजोरीत जाते; त्यातून रस्ते होतात, शाळा टिकतात, आणि एखाद्या आडबाजूच्या दरीत पन्नास घरांचे गाव जिवंत राहते. पोफळी, अलोरे, शिरगाव या गावांना असे वार्षिक भाडे गेल्या साठ वर्षांत मिळाले असते तर वाशिष्ठीचे खोरे आज कसे दिसले असते, याचा हिशेब आपल्या जिल्हा परिषदेने एकदा मांडावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. देशाला वीज देण्याला माझा विरोध नाही. ज्याच्या अंगणातून ती जाते त्याचा वाटा असावा, एवढेच मागतो.

प्रकल्पांबद्दलही हेच. दाभोळचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी ही नावे घेतली की सभागृहात दोन तट पडतात, आजही पडतील. कोणता तट बरोबर हे मी सांगणार नाही; निर्णय कसा होतो, एवढेच पाहू. ग्राउबुंडेनने १९०० मध्ये आपल्या रस्त्यांवर मोटारींना बंदी घातली. पुढची पंचवीस वर्षे हा प्रश्न पुन्हा पुन्हा मतदानाला आला, आणि लोक नाही म्हणत राहिले. जगाने त्यांना हसून घेतले. १९२५ मध्ये ते हो म्हणाले आणि मोटारी आल्या. हिवाळी ऑलिम्पिक भरवायचे काय, असे २०१३ मध्ये विचारले, लोक नाही म्हणाले. २०१७ मध्ये विचारले, पुन्हा नाही. लोक चुकलेही असतील. पण प्रश्न लेखी होता, उत्तर मोजले गेले, आणि कुणाच्या डोक्यावर लाठी बसली नाही. आपल्याकडे अधिसूचना निघते, मग मोर्चा निघतो, मग गुन्हे दाखल होतात, आणि काही वर्षांनी अधिसूचना रद्द होते. नाणारचे तसेच झाले. या सगळ्यात लोकांना काय हवे हे कधीच मोजले जात नाही. मोजली जाते ती गर्दी.

जिल्ह्याच्या रेषेचेही तसेच. १ मे १९८१ रोजी आपल्यातले दक्षिणेचे तालुके काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तो व्हावा ही तिकडच्या लोकांची इच्छा होती आणि त्यांचे भले झाले याचा आनंद आहे. पण तोही झाला सरकारी अधिसूचनेने, १८३२ सारखाच. गंमत म्हणून नव्हे, अगदी गंभीरपणे सांगतो: त्याच सुमारास, १ जानेवारी १९७९ ला, स्वित्झर्लंडमध्ये बर्न कॅन्टनमधून जुरा हा नवा कॅन्टन निघाला. आधी १९७४ मध्ये मतदान, मग सीमेवरच्या गावांचे पुन्हा मतदान, मग १९७८ मध्ये सगळ्या देशाचे. मूतिये नावाच्या एका गावाने २०२१ मध्ये मत बदलले आणि २०२६ च्या पहिल्या दिवशी ते बर्नमधून जुरात गेले.

लोकांना विचारायचे साधन आपल्याकडे नाही असे नाही. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून त्या काम करू लागल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २०११ पासून महाराष्ट्रात या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. या बाबतीत आपण ग्राउबुंडेनच्या पुढे आहोत. अडते ते पैशापाशी. जिल्हा परिषदेकडे येणारा बहुतेक पैसा आधीच कुठल्यातरी योजनेच्या नावाने बांधून येतो. तिला खर्चाचा अधिकार आहे, ठरवण्याचा फार थोडा.

म्हणून जिथे ठरवता येते तिथून सुरुवात करू. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. त्या ज्या तारखांना होतात तेव्हा गाव रिकामे असते. गौरीगणपतीच्या आठवड्यात गाव भरलेले असते. त्या आठवड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने एक जादा ग्रामसभा बोलवावी. मुंबईकरांनी यावे, बोलावे, आपल्या मंडळाच्या वहीची शिस्त तिथे शिकवावी. पण मत त्यांनी द्यावे ज्यांची नावे गावच्या मतदार यादीत आहेत, म्हणजे बहुतांशी आपल्या बायकांनी. तिथे वाडीवाडीची वेगळी बैठक नसावी. आणि पहिला विषय पाण्याचा ठेवावा: आपल्या गावातून वाहणारे किती, आपल्याला मिळणारे किती, आणि बाकीचे कोण वापरतो. पंचायतीच्या वहीत हा ठराव तारखेसह लिहावा, त्याखाली सह्या घ्याव्यात आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेला पाठवून पोच मागावी. वाशिष्ठीच्या काठच्या गावांनी या वर्षी हे केले, तर पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला त्या ठरावांचे वाचन करायला त्या गावच्या सरपंचबाईंना बोलवा. मी श्रोत्यांत बसेन.